डोळे मिटले की मन सुसाट : आनापानात पुन्हा पुन्हा येणाऱ्या चंचलतेवर काय करून पाहावं

आनापान म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवायचं ध्यान. त्यातली तक्रार साधारण अशी असते. सकाळी पाचला उठून बसतो. नाकपुड्यांपाशी श्वास सापडतो, दोन-चार श्वास नीट जातात आणि मग गाडी सुटते. ऑफिसातला मेल, भावाकडे अडकलेले पैसे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपण काय बोलायला हवं होतं, मध्येच तिसरीतली कविता. भानावर यावं तर वीस मिनिटं गेलेली. ध्यानाच्या शिबिरात सातव्या-आठव्या दिवशी मन छान बसलं होतं, घरी आल्यावर महिनाभरात पुन्हा मूळपदावर. मध्ये काही दिवस बरे जातात, वाटतं सुटलो, की परत तेच.

माझं हे दुखणं अजून आहे, तेव्हा बरा झालेला माणूस म्हणून लिहीत नाही. मी नाशिकला एका सीएच्या ऑफिसात हिशेबाचं काम करतो. रोज सकाळी तासभर बसायला लागून अकरा-बारा वर्षं झाली. २०१७ साली जीएसटी आला आणि माझ्या चंचलतेला चक्क तारखा मिळाल्या. २० तारखेला ३बी हा जीएसटीचा मासिक रिटर्न भरायचा, म्हणजे १६ पासून आसनावर बसलं की इनपुट क्रेडिट जुळवायला सुरुवात. पहिली तीन-चार वर्षं यावर माझ्याकडे एकच औषध होतं : अजून ताठ बसायचं, अजून जोर लावून श्वास पकडायचा. त्याने डोकं दुखायचं, दुसरं काही व्हायचं नाही. हा जोरच दुखणं वाढवत होता हे कळायला फार वेळ गेला.

आधी बिघाड कुठला ते बघा

‘मन पळतंय’ ही तक्रार झाली, निदान नव्हे. पाली ग्रंथांत ध्यानाच्या अडथळ्यांना नीवरणं म्हणतात, ती पाच आहेत. संगारव नावाच्या ब्राह्मणाने बुद्धांना एक अगदी व्यवहारातला प्रश्न विचारला होता : कधी कधी न घोकलेले मंत्रसुद्धा आठवतात, आणि कधी वर्षानुवर्षं घोकलेलेही आठवत नाहीत, असं का होतं? उत्तरात बुद्धांनी पाण्याच्या भांड्याचा दाखला दिला. भांड्यात वाकून पाहिलं आणि आपला चेहरा दिसला नाही, तर कारणं पाच असू शकतात. पाण्यात रंग कालवलेला आहे. पाणी उकळतंय. वर शेवाळ साचलंय. वाऱ्याने लाटा उठल्यात. किंवा पाणी गढूळ आहे आणि भांडं अंधारात ठेवलंय. वासना, द्वेष, सुस्ती, चंचलता आणि शंका, असा तो क्रम. चेहरा पाचही भांड्यांत दिसत नाही, पण रंग कालवलेल्या पाण्यावर वारा थांबवून उपयोग नाही.

म्हणून एखादा आठवडा नुसतं एवढं पाहा, की मन पळून जातं कुठे. दर वेळी त्याच एका गोड जागी जात असेल, नवा फ्लॅट, एखादी व्यक्ती, रविवारचं मटण, तर तो रंग. दर वेळी त्याच माणसाशी वाद चालू असेल आणि प्रत्येक वादात तुम्हीच जिंकत असाल, तर पाणी उकळतंय. ‘ही पद्धत आपल्यासाठी आहे का, दुसरे गुरुजी बघावेत का’ हेच घोळत असेल तर ती शंका, आणि ती आसनावर बसून सुटत नाही, शिकवणाऱ्याला विचारून सुटते.

शेवाळ, म्हणजे सुस्ती, मात्र फसवतं. आमच्या विहारात रविवारी सकाळी आम्ही दहा-पंधरा जण बसतो. तिथले एक काका कित्येक महिने सांगत होते, फार विचार येतात. खोदून विचारलं तेव्हा कळलं की त्यांचे विचार शब्दांचे नव्हतेच. चित्रं यायची, एकात एक विरघळायची, मान खाली जायची. काकांची आयुष्यभर कंपनीत रात्रपाळी झालेली, निवृत्तीनंतरही झोप चार तासांची. त्यांना विचार शांत करायला सांगणं म्हणजे झोपायला सांगणं. तोंडावर पाणी मारा, डोळे उघडे ठेवून बसा, उभे राहा, आणि मुळात दुपारी झोपा, असं सांगितलं. त्यांची तक्रार झोपेने गेली.

मन सगळीकडे पळत असेल, विषय मिनिटागणिक बदलत असेल, विषयात काही दमही नसेल आणि अंगात एक बारीक घाई असेल, तर ते वाऱ्याने हललेलं पाणी. पालीत त्याला उद्धच्च म्हणतात. पुढचं सगळं त्याच्यासाठी.

जोर लावला की का बिघडतं

संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात एक सुत्त, म्हणजे उपदेश, आहे, अग्गि सुत्त. माझ्या मते आपल्या या तक्रारीवर इतकं थेट दुसरं काही नाही. बोधीची, म्हणजे जागृतीची, सात अंगं साधकांना पाठ असतात : स्मृती (भान), धर्मविचय (पारख), वीर्य (जोर), प्रीती (उत्साह), प्रश्रब्धी (शांत होणं), समाधी (एकाग्रता), उपेक्षा (समतोल). आपण ती ओळीने चढायची शिडी समजतो. बुद्ध इथे म्हणतात की कुठलं अंग कधी वापरायचं याला वेळ असते. मन मरगळलेलं असताना प्रश्रब्धी, समाधी, उपेक्षा यांची वेळ नव्हे. विझत आलेल्या शेकोटीवर ओलं गवत टाकून ती पेटेल का? आणि मन उधळलेलं असताना धर्मविचय, वीर्य, प्रीती यांची वेळ नव्हे. भडकलेल्या आगीवर वाळकं गवत, वाळक्या गोवऱ्या, वाळकी लाकडं टाकून ती विझेल का? तिथे ओलं गवत हवं, पाणी हवं, माती हवी. स्मृती तेवढी दोन्हीकडे चालते.

आता स्वतःचं आठवा. मन पळालं, की आपण काय करतो? जोर वाढवतो, ते वीर्य. का पळालं याची चिकित्सा करतो, तो विचय. एखादं सुंदर प्रवचन आठवून उत्साह आणतो, ती प्रीती. नेमकी तीन वाळकी लाकडं! वाईट काही नाही त्यांत, वेळ चुकली.

ओलं गवत म्हणजे प्रश्रब्धी. हा शब्द जड आहे, पण मराठीत त्याला आपल्या स्वयंपाकघरातला शब्द आहे : निवणं. दूध निवतं तसं. निवायला ठेवलेलं दूध आपण ढवळत बसत नाही. आणि निवण्याची सुरुवात शरीरापासून होते. आनापानसति सुत्तात सोळा पावलं आहेत, त्यातली पहिली चार शरीराचीच : लांब श्वास जाणणं, आखूड श्वास जाणणं, सगळी काया जाणणं, मग कायसंस्कार, म्हणजे श्वासच, शांत करणं. खुद्द चित्ताची पाळी नवव्या पावलाला येते. आपण बसल्या बसल्या नवव्यावर उडी मारतो.

म्हणून शरीरापासून

बसल्यावर पहिली पाच-सात मिनिटं श्वासाच्या मागे लागू नका. जबडा तपासा. घाई असलेल्या माणसाचे दात एकमेकांवर टेकलेले असतात. ते सुटे करा, ओठ मिटलेले राहू देत. जीभ टाळूला दाबलेली असेल तर सैल सोडा. पापण्या आवळून मिटलेल्या असतील तर नुसत्या टेकू द्या. खांदे कानांकडे चढलेले असतात, उतरवा. पोट आत ओढून धरायची सवय आपल्यापैकी बऱ्याच जणांना आहे, फोटो काढल्यासारखी. ते सोडून द्या, इथे बघायला कोणी नाही. तळहात उघडे. ही फेरी तीन वेळा करायची, कारण दुसऱ्या फेरीत जबडा पुन्हा आवळलेला सापडतो. माझा तर दर वेळी.

गुडघे कमरेच्या वर राहत असतील तर बैठकीखाली अजून एक घडी घाला. घोंगडी, जाड चादर, काहीही. पाठ दुखत असेल तर खुर्ची घ्या. खुर्चीवर बसल्याने साधना कमी दर्जाची होते असं मानणारे लोक भेटतात, त्यांना नमस्कार करून खुर्ची घ्यावी.

त्यानंतर पाच-सहा श्वास मुद्दाम, सावकाश, सोडताना लांबवून. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, हा शरीराचाच धर्म आहे, त्याचा फायदा घ्यायचा. पण पाच-सहाच. आनापान म्हणजे आहे तो श्वास पाहणं, श्वास घडवणं नव्हे. पुढे तो जसा येईल तसा येऊ द्यायचा.

एवढं करूनही अंगात घाई उरली असेल तर उठा आणि चाला. चंक्रमण हा काही कमी प्रतीचा पर्याय नाही. अंगुत्तर निकायात त्याचे पाच फायदे दिलेत : माणूस प्रवासाला टिकतो, मेहनतीला टिकतो, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं, आणि चालताना मिळालेली एकाग्रता जास्त काळ टिकते. मला तो पाचवा फायदा खरा वाटायला वेळ लागला, पण १६ ते २० तारखांमध्ये त्याचाच आधार असतो. गच्चीवर पंधरा-वीस पावलांचा पट्टा, नजर चार हात पुढे, पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकलं. पंधरा मिनिटं. मग बसायचं.

मोजणी

आता खरी कामाची गोष्ट, जी फार लोक अर्धवट करतात.

पाली टीकाकार बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्ग या ध्यानावरच्या ग्रंथात श्वास मोजायची रीत सविस्तर दिली आहे. हा ग्रंथ देवनागरी लिपीतल्या पालीत वाचता येतो, कारण गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी तो संपादित केला आणि १९४० साली मुंबईतून तो छापला गेला. नियम असा : पाचाच्या आत थांबायचं नाही, दहाच्या पुढे जायचं नाही, मध्ये खंड पाडायचा नाही. कारणंही दिली आहेत. पाचाच्या आत थांबलात तर चित्त अरुंद गोठ्यात कोंडलेल्या गुरांसारखं धडपडतं. दहाच्या पुढे गेलात तर ते श्वास सोडून आकड्यालाच धरून बसतं. मध्येच तुटलं तर ‘झालं का, पुरं झालं का’ म्हणून डळमळतं. शंभरापर्यंत मोजणारे लोक मला भेटलेत. त्यांना आकडे उत्तम येतात.

दोन वेग सांगितलेत. पहिला धान्य मोजणाऱ्याचा. मापाडी माप भरतो, ‘एक’ म्हणत ओततो, मध्ये काडीकचरा दिसला तर उचलून टाकतो, तोवर ‘एक, एक’ चालूच. हे वाचलं तेव्हा मला आजोबा आठवले. खळ्यावर पायलीने ज्वारी मोजताना ते ‘एक’ म्हणायचे नाहीत, ‘लाभ’ म्हणायचे, आणि दुसरी पायली भरेपर्यंत ‘लाभ, लाभ, लाभ’ चालायचं, म्हणजे आकडा हरवत नसे. अगदी तसंच करायचं. श्वास चालू आहे तोवर तोच आकडा मनात धरून ठेवायचा. मध्ये विचार आला तर तो काडी. उचलून बाजूला, मोजणी चालू. विचार आला म्हणून पुन्हा एकपासून सुरू करायची शिक्षा स्वतःला देऊ नका, त्याने नवी घाई तयार होते. आकडाच हरवला असेल तेव्हा एकपासून.

दुसरा वेग गुराख्याचा. दाराशी खडे घेऊन बसलेला गुराखी, गुरं दारातून भराभर निघतात तशी तो भराभर मोजतो. श्वास स्पष्ट दिसायला लागला की हा वेग आपोआप येतो, ओढून आणायचा नाही. आणि पुढे मोजणी सुटते, तेव्हा सुटू द्यायची.

इथे एक अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. महाराष्ट्रातले बरेच साधक विपश्यना शिकवणाऱ्या सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेत, इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या केंद्रावर शिकलेले असतात. तिथे श्वासाला आकडा किंवा शब्द जोडायचा नाही, असं स्पष्ट सांगतात. मन फार पळालं तर काही श्वास मुद्दाम थोडे जोराने घ्यायचे, श्वासाचा स्पर्श सापडला की पुन्हा नैसर्गिक श्वासावर यायचं, ही तिथली सूचना. तुम्ही त्या पद्धतीने बसत असाल तर तीच पाळा आणि हा मोजणीचा भाग सोडून द्या. दोन पद्धतींची मिसळ हे चंचलतेचं एक फार जोमदार खत आहे. बर्मी भिक्खू महासी सयाडॉंच्या पद्धतीत ‘विचार, विचार’ अशी मनात नोंद करतात, तीही चांगली आहे, पण तीसुद्धा एकटीच वापरायची. आणि सध्या शिबिरात बसला असाल (बसला असाल तर फोन जमा असेल आणि हे वाचतच नसाल, म्हणजे जायच्या आधी वाचत असाल) तर दुपारी बारा ते एक आचार्यांना भेटायची वेळ असते, तिथे विचारा. पहिले साडेतीन दिवस नुसतं आनापान असतं, त्यात मन सर्वांत जास्त पळतं. मी पहिल्या शिबिरात दुसऱ्या दिवसापर्यंत इगतपुरीच्या गाड्यांचे भोंगे ऐकून ही कुठली एक्सप्रेस असेल ते ओळखत बसलो होतो.

एकच विचार टोचत असेल तर

उद्धच्चाची जोडी कुक्कुच्चाशी लावलेली आहे. कुक्कुच्च म्हणजे रुखरुख : केलं ते करायला नको होतं, राहिलं ते करायला हवं होतं. हिचं लक्षण वेगळं. विषय बदलत नाही, तोच परत येतो, आणि येताना छातीत काहीतरी आवळतं.

ऑफिसात एका नव्या मुलाची एक नोंद चुकली आणि मी त्याला सगळ्यांसमोर नको तेवढं बोललो. पुढचे तीन दिवस आसनावर तोच प्रसंग, वेगवेगळ्या संवादांसह. मोजणी करून पाहिली, चालून पाहिलं, मैत्री भावना, म्हणजे दुसऱ्याचं भलं चिंतणं, करून पाहिली (त्याच्याबद्दल मैत्री, म्हणजे सोय बघा). चौथ्या दिवशी चहाच्या वेळी त्याला म्हटलं, “परवा माझं चुकलं रे.” तो म्हणाला, “असू द्या सर.” पाचव्या दिवशी विषय आलाच नाही. पंचशील रोज म्हणतो आपण, त्याचा ध्यानाशी इतका रोकडा संबंध असतो हे मला त्या दिवशी कळलं. उधारी असेल तर ती आसनाबाहेर चुकती करा. काही गोष्टी आता दुरुस्त होण्यासारख्या नसतात, माणूसच उरलेला नसतो. तिथे ‘पुन्हा करणार नाही’ एवढं स्पष्ट मनाशी म्हणून पुढे जायचं.

दात-ओठ खाणं शेवटी ठेवा

मज्झिम निकायात वितक्कसण्ठान सुत्तात नको त्या विचारांवर पाच उपाय आहेत, क्रमाने. एक, सुतार बारीक पाचर ठोकून जाड पाचर बाहेर काढतो तसा दुसरा चांगला विषय द्या. दोन, त्या विचाराचा तोटा पाहा. तीन, दुर्लक्ष करा, न पाहायचं असलेल्या माणसाने डोळे मिटावेत तसं. चार, विचाराचा वेग उतरवा. हा चौथा मला फार आवडतो. धावणाऱ्या माणसाला वाटतं, मी धावतोय कशाला, चालावं. मग वाटतं, चालतोय कशाला, उभं राहावं. मग बसावं, मग आडवं व्हावं. पाचवा, हे चारही फसले तर दातावर दात, जीभ टाळूला, आणि मनाने मन दाबायचं.

आपण पाचव्यापासून सुरुवात करतो.

पहिल्या उपायासाठी एक घरचा विषय आहे. विहारात वाढलेल्या प्रत्येकाला ‘इतिपि सो भगवा’ ही बुद्धवंदना पाठ असते. ती नेहमीच्या चालीवर म्हटली तर तोंड म्हणतं आणि मन बाजारात जातं. त्याऐवजी मनात, एका श्वासाला एकच शब्द : अरहं. पुढचा श्वास : सम्मासम्बुद्धो. अर्थ धरून. पाच मिनिटांत जाड पाचर बऱ्यापैकी हलते, मग पुन्हा श्वासावर.

बसण्याआधीचं

इथे फार बोलायची गरज नाही, सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही. उठल्यावर फोन बघून बसू नका. रात्री झोपताना उद्याची कामं कागदावर लिहून ठेवा, म्हणजे सकाळी मन ती धरून ठेवायची हमाली करत नाही. आसनाशेजारी मात्र वही ठेवू नका. मी ठेवली होती आणि दर दहा मिनिटांनी मला थोर कल्पना सुचायला लागल्या. रिकाम्या पोटी कडक चहा-कॉफी घेऊन बसत असाल तर एक आठवडा ती बैठकीनंतर घेऊन पाहा.

इथे थांबा

छातीत धडधड बसण्याआधीपासूनच असते, हात थरथरतात, वजन उतरतंय, तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड वाढलेलं असलं तरी अशीच बेचैनी होते, ती आनापानाने जात नाही. सलग काही रात्री झोप नाही, बसलं की भीतीचा झटका येतो, किंवा स्वतःला इजा करायचे विचार येतात, तर बसणं बंद करा आणि आधी माणसाशी बोला. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर आहे, मराठीतही बोलता येतं. मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर ‘आता ध्यान करतोय’ म्हणून त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि मोठ्या शिबिराच्या अर्जात ती माहिती लपवू नका.

किती दिवसांत जाईल?

हा प्रश्न नेहमी येतो. माणसाला बांधून ठेवणारी दहा संयोजनं, म्हणजे बेड्या, सांगितली आहेत, त्यात उद्धच्च नवव्या क्रमांकावर आहे आणि ते अर्हत्पदालाच, म्हणजे मुक्तीच्या शेवटच्या पायरीलाच, सुटतं. म्हणजे त्याच्या एक पायरी आधीचा अनागामीसुद्धा त्यातून पूर्ण सुटलेला नसतो. मला हे पहिल्यांदा वाचून इतकं हायसं वाटलं, की त्या दिवशीची बैठक बरी झाली.

या महिन्यातही १६ तारखेपासून सुरू झालं. तासाची बैठक चाळीस मिनिटांवर आणली, उरलेली वीस मिनिटं गच्चीवर चाललो. शेजारच्या आजींनी विचारलं, “काही हरवलंय का रे?” म्हटलं नाही, चालतोय नुसता. १९ तारखेला बसल्यावर जबड्याची तिसरी फेरी चालू असतानाच एका पार्टीचं न जुळलेलं बिल आठवलं. काडी म्हणून बाजूला ठेवलं, चौथा श्वास, चौथा, चौथा. बिल ऑफिसात जाऊन पाहिलं, खरंच जुळत नव्हतं.